गिअरची सायकल भंगारात कशाला?



शहरातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली किंवा पाण्याच्या टाकीमागे, दोन-चार सायकली धूळ खात पडलेल्या दिसतात. बहुतेक सगळ्या एकाच घडणीच्या. जाड टायर, सरळ हँडल, जाड नळीचा सांगाडा, पुढे आणि मागे गिअर. आपल्याकडे हिला सरसकट 'रेंजर' म्हणतात, दुकानदार 'एम.टी.बी.' म्हणतो, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल. डोंगर तिने कधी पाहिलेला नसतो. मुलाच्या वाढदिवसाला हौसेने घेतलेली, दोन पावसाळे बाहेर राहिलेली. मागचा गिअर वाकला, केबल गंजली, चेन सारखी उतरू लागली. तोवर मुलगा मोठा होऊन मोटारसायकलवर बसला आणि सायकल तिथेच राहिली.

या घरांतून धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या आपल्या भगिनींना कधी ना कधी विचारले जाते, "घेऊन जाता का? तुमच्या मुलाला होईल." सायकल घरी येते. दुकानात दाखवली की गिअरच्या सगळ्या सामानाचा आकडा सांगितला जातो. तो ऐकून ती आपल्याही दाराशी उभी राहते आणि शेवटी किलोच्या भावाने भंगारात जाते. माझे म्हणणे एवढेच आहे की गिअर दुरुस्त करू नका, काढून टाका. वाचलेले पैसे चाकांना, चेनला आणि ब्रेकला लावा. मग तीच सायकल पुढची कित्येक वर्षे रोजच्या कामाला येईल.

येरवड्याच्या आमच्या वस्तीतल्या एका ताईंच्या मुलाला औंधच्या आय.टी.आय.मध्ये फिटरला प्रवेश मिळाला. घरापासून होळकर पूल, खडकी बाजार, औंध रोड असे नऊ-दहा किलोमीटर. दोन बस बदलायच्या. एक चुकली की पहिला तास गेला, आणि हजेरी कमी पडली की परीक्षेला बसण्याचीच पंचाईत. ताईंना कामावरच्या एका घरातून अशीच २६ इंची चाकांची, अठरा गिअरची सायकल मिळाली होती. दुकानातून उत्तर आले, पुढचा गिअर, मागचा गिअर, हँडलवरचे खटके, सहा चकत्यांचे फ्रीव्हील, चेन, सगळे बदला. तो खर्च त्यांच्या महिन्याच्या कमाईत बसणारा नव्हता. आमच्याकडे एक वयस्कर सायकल-मिस्त्री आहेत, लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणतात. काकांनी सायकल उलटी केली, चाके फिरवली आणि म्हणाले, "दुखणे गिअरला आहे, सायकलला नाही." मग काकांनी पाने काढले, मुलाने हात काळे केले आणि मी वही घेऊन हिशेब लिहायला बसलो. पुढचे सगळे त्या वहीतले आहे.

आधी सांगाडा पाहावा. हँडलची नळी आणि तिला येऊन मिळणाऱ्या दोन नळ्या, या सांध्यांवर चीर आहे का ते कापडाने पुसून बघावे. रंगाला सरळ रेषेत तडा दिसला तर तिथे लोखंडही तडकलेले असू शकते. असली सायकल भंगारातच जाऊ द्यावी. सायकल आडवी धरून पुढचा चिमटा मागे सरकल्यासारखा दिसतो का ते पाहावे, म्हणजे कुठे धडकली होती का ते कळते. सीटची दांडी नळीत गंजून अडकली असेल तर तेलाचे थेंब सोडून एक-दोन दिवस थांबावे. हातोडा मारू नये.

नंतर मागच्या चाकाची खाच. चाकाची धुरी ज्या खाचेत बसते ती खाच आडवी किंवा तिरकी असेल तर काम सोपे. चाक मागे ओढून चेन ताणता येते, आपल्या जुन्या साध्या सायकलीत ओढतो तशीच. खाच सरळ खाली उघडणारी, उभी असेल तर चाक मागे सरकतच नाही. अशा वेळी काका एक जुनी युक्ती करतात. मागच्या गिअरचा हात, जो चेन ओढून धरतो, तो तुटलेला नसला तर तिथेच ठेवतात, केबल काढतात, आणि त्याच्यावरचे बारीक स्क्रू आवळून त्याला एकाच जागी बांधून टाकतात. मग तो गिअर बदलत नाही, फक्त चेन ताणून धरतो. आमच्या सायकलीची खाच तिरकी होती, म्हणून तो हात उतरवला आणि डब्यात ठेवला. असल्या वस्तू फेकू नयेत.

एक प्रकारची सायकल मात्र फुकट मिळाली तरी या कामाला घेऊ नये. जिच्या मध्यभागी, सीटखाली, मोठी स्प्रिंग असते ती. मुलांना ती फार आवडते. त्या सायकलीत मागचे चाक खड्ड्यात खालीवर होते, तसे पायडलच्या धुरीपासूनचे त्याचे अंतर कमी-जास्त होते. गिअर असताना ते ढिलेपण मागच्या गिअरचा हात ओढून घेतो. गिअर काढला की चेन एका खड्ड्यात लोंबते, दुसऱ्यात ताणते, आणि भर रस्त्यात उतरते. शिवाय त्या स्प्रिंगचे वजन रोज वाहायचे. पुढच्या चिमट्यातल्या स्प्रिंगबद्दलही माझे मत फारसे बरे नाही. स्वस्त सायकलीतली ती स्प्रिंग बहुधा गंजून घट्ट झालेली तरी असते, नाहीतर उभे राहून चढ चढताना पायातला जोर खात तरी असते. जागच्या जागी चांगली असेल तर राहू द्यावी, बिघडली असेल तर दुरुस्तीला पैसे न घालता साधा चिमटा बसवून घ्यावा. नेताना एवढेच पाहावे की नव्या चिमट्याची वरची नळी त्याच जाडीची, त्याच लांबीची आहे आणि ब्रेक बसवायच्या खुंट्या तशाच आहेत.

आता मुख्य गोष्ट. गिअर एकच राहणार, तर तो कोणता? इथे दुकानदार विचारत नाही आणि आपणही विचारत नाही. जे हाताशी असेल ते फ्रीव्हील बसते आणि पुढची पाच वर्षे गुडघे बोलतात. हिशेब चौथीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. पुढच्या चेनव्हीलचे दाते मोजा, मागच्या फ्रीव्हीलचे दाते मोजा, पुढच्याला मागच्याने भागा. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते ते कळले. त्याला चाकाच्या घेराने गुणा. घेर मोजायला टायरवर खडूची खूण करून चाक जमिनीवर एक फेरा पुढे न्यावे आणि टेपने अंतर घ्यावे. रेंजरच्या २६ × १.९५ टायरचा घेर साधारण २०५ सेंटिमीटर भरतो.

४४ दात्यांचे चेनव्हील आणि १८ दात्यांचे फ्रीव्हील ही जोडी आपल्याकडच्या पुष्कळ बिनगिअरच्या सायकलींवर दिसते. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४. एका फेऱ्यात सायकल साधारण ५ मीटर जाते. सपाट रस्त्यावर, रिकाम्या पाठीने, ठीक आहे. पण पुलाचा चढ, पाठीवर दप्तर, कॅरिअरवर डबा आणि समोरून वारा, असे सगळे जमले की पायडल दगडासारखे होते. परदेशात एका गिअरच्या डोंगरी सायकलीसाठी फार वर्षांपासून एक ढोबळ माप धरतात, २६ इंची चाकाला पुढचे दाते मागच्याच्या दुप्पट. म्हणजे ३२ ला १६, किंवा ३६ ला १८. एका फेऱ्यात ४.१ मीटर. हे माप मातीच्या चढाचे आहे. पुण्याच्या डांबरी रस्त्याला त्याहून किंचित जड चालते.

आमच्या सायकलीला पुढे तीन चकत्या होत्या, ४८, ३८ आणि २८ दात्यांच्या. मधली ३८ ची ठेवली, मागे १८ दाती फ्रीव्हील घेतले. ३८ भागिले १८ म्हणजे २.११, एका फेऱ्यात ४.३३ मीटर. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे सेकंदाला एक, हा सावकाश पाय झाला. त्या चालीने तासाला साडेपंधरा किलोमीटर होतात आणि दहा किलोमीटरला ३८ मिनिटे लागतात. ४४ च्या जोडीने त्याच चालीत ३३ मिनिटे लागली असती. पाच मिनिटे वाचवण्यासाठी रोज दोन वेळा चढावर उतरून सायकल ढकलायची की बसून चढायचे, हे ज्याच्या पायांनी चालवायची त्याने ठरवावे. मुलाने ३८ ची निवडली. दूध टाकणारा, पाण्याचे जार नेणारा किंवा धाकट्या बहिणीला शाळेत सोडणारा असेल तर त्याने मागे २० दाती फ्रीव्हील मागावे; मग फेरा ३.९ मीटरचा होतो. १८ दाती सगळीकडे मिळते, इतर मापे आधी सांगून मागवावी लागतात. दुकानदार म्हणेल, "काही फरक पडत नाही हो." पडतो.

पुढच्या मोठ्या आणि लहान चकत्या काढता आल्या तर काढाव्यात. स्वस्त सायकलीत त्या रिबिटने एकत्र ठोकलेल्या असतात. तशा असल्या तर राहू द्याव्यात, मधल्या चकतीवर चेन चालायला त्यांची अडचण होत नाही. मोठी चकती पँट वाचवते, हा वरचा फायदा.

जुने सहा चकत्यांचे फ्रीव्हील उतरवणे हे या सगळ्यातले सर्वांत अवघड काम. वर्षानुवर्षे पायडल मारून ते स्वतःच घट्ट होत गेलेले असते. त्याच्या मधल्या भोकात नेमका बसणारा खाचांचा पुलर लागतो, तो मिस्त्रीकडे असतो. पुलर बसवून त्यावर धुरीचा नट हलका आवळायचा, म्हणजे तो निसटून खाचा खात नाही. मग पुलर व्हाइसमध्ये धरून सबंध चाकच डावीकडे फिरवायचे, मोटारीचे स्टिअरिंग फिरवावे तसे. आमच्याकडे शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या व्हाइसवर दोघांनी जोर केला तेव्हा कट्टकन आवाज होऊन सुटले. सुटल्याबरोबर नट सैल करायला विसरू नये. नवे एकेरी फ्रीव्हील त्याच आट्यांवर बसते. ही मापे बहुतेक सगळीकडे एकच आहेत. बसवण्याआधी आट्यांना ग्रीस लावावे आणि पहिले दोन आटे हातानेच फिरवावेत. वाकडे चढले तर हबचे आटे गेले म्हणून समजा. मागे फिरणारे फ्रीव्हील वेल्ड करून 'फिक्स' करण्याची एक टूम मुलांत आहे. ती घरात शिरू देऊ नका. उतारावर पाय थांबत नाहीत, आणि फ्रीव्हीलच्या हबला उलटा जोर दिला की आटेच सुटू लागतात.

बसवून झाल्यावर मागे उभे राहून एक डोळा मिटून पाहावे. पुढची चकती, चेन आणि मागचे फ्रीव्हील एका सरळ रेषेत दिसले पाहिजे. एकेरी फ्रीव्हील तारांच्या जवळ, आतल्या बाजूला बसते, त्यामुळे चेन बहुतेक तिरकी जाते. तिरकी चेन आवाज करते, दाते खाते आणि उतरते. उपाय असा की, धुरीवर उजव्या बाजूला असलेल्या वायशरी आणि नळकांडी काढून डावीकडे घालायची, म्हणजे हब उजवीकडे सरकते. मग रिमही एका बाजूला जाते. उजव्या तारा थोड्या सैल आणि डाव्या थोड्या घट्ट करून रिम पुन्हा मध्यावर आणावी आणि चाकाचा आऊट काढावा. हे तारांचे काम मिस्त्रीलाच करू द्या, त्याची मजुरी देताना घासाघीस करू नका. गिअरच्या चाकात उजव्या तारांवर जास्त ताण असतो, डाव्यांवर कमी. या फेरफाराने दोन्हीकडचा ताण जवळजवळ सारखा होतो आणि चाक पहिल्यापेक्षा मजबूत होते. बिनगिअरचे तयार चाक आणून घालण्यापेक्षा हे बरे, कारण ते हब अरुंद असते. मग लोक नट आवळून सांगाड्याचे कान आत दाबतात. तसे कधी करू नये.

चेन नवी घ्यावी. गिअरची चेन अरुंद असते, बिनगिअरची जरा रुंद. रुंद चेन अरुंद दात्यांवर चालते, पण अरुंद चेन रुंद दात्यांवर बसत नाही. म्हणून एकेरी फ्रीव्हीलला साधी, बिनगिअरची चेनच मागावी, ती स्वस्तही असते. चेन झिजली की नाही हे मुलांच्या कंपासपेटीतल्या फूटपट्टीने कळते. एका पिनेच्या मध्यापासून मोजायला लागावे. नव्या चेनमध्ये चोवीसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे गेली असेल तर चेन तर गेलीच, दातेही खाल्ले गेले असणार. अर्ध्या सुताला बदललीत तर दाते वाचतात. ताण असा ठेवावा की मधोमध बोटाने दाबले तर चेन वरखाली मिळून अर्धा इंच हलावी. पायडल पूर्ण फेरा फिरवून पाहावे. चेनव्हील जरासे वेडेवाकडे असतेच, त्यामुळे एका जागी चेन घट्ट होते. जिथे सर्वांत घट्ट होते तिथे हे माप घ्यावे.

टायर घेताना आपल्या लोकांची नेहमी फसगत होते, ती '२६' या आकड्याने. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ ही दोन्ही टायरे २६ इंची म्हणूनच विकली जातात, पण त्यांच्या रिमा वेगळ्या आहेत, एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही. १ ३/८ चे टायर लेडीज सायकलींना असते. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो. रेंजरच्या टायरवर शेवटी ५५९ असते, त्या दुसऱ्यावर ५९०. तो आकडा वाचूनच पैसे द्यावेत. मोठमोठ्या गुट्ट्यांचे टायर दिसायला जोरदार. चिखलात त्यांचा उपयोग आहे, डांबरावर ते गुरगुरतात आणि पाय ओढतात. मध्ये सलग पट्टा आणि कडेला गुट्ट्या असलेले टायर शहरात आणि गावच्या कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालते.

ब्रेकला हात आखडता घेऊ नका. लोखंडी चकचकीत रिम पावसात ओली झाली की रबर तिच्यावरून घसरते. अॅल्युमिनियमची, जिला दुकानात अलॉय रिम म्हणतात, ती ओली असतानाही बरी धरते. पुढच्या चाकाला तरी अलॉय रिम असावी. ब्रेकचे रबर, आतली तार आणि वरचे आवरण, तिन्ही नवे घालावे. गंजलेल्या आवरणात नवी तार घातली तर ब्रेक अर्धाच लागतो. रबर रिमवर सपाट टेकले पाहिजे, टायरला लागता कामा नये, नाहीतर महिनाभरात टायर फाटते. दोन लांब हातांचे ब्रेक असतील तर त्यांच्यासाठीचीच मूठ लागते, कारण ती तार जास्त ओढते. जुन्या सायकलीची मूठ लावली तर ब्रेक दाबला जातो पण सायकल थांबत नाही. आमच्या वहीत ब्रेकचे सामान आणि चाकांचे काम मिळून निम्म्याहून जास्त खर्च आहे, आणि तो योग्यच आहे.

पायडल बदलणार असाल तर एक लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घट्ट बसले म्हणून जोर करणाऱ्याने क्रँकचे आटे खराब केल्याची उदाहरणे प्रत्येक मिस्त्री सांगेल. सीटची उंची अशी ठेवावी की बसल्यावर टाच खालच्या पायडलला टेकली तर पाय सरळ व्हावा. पण दांडीवर किमान मापाची खूण असते, ती नळीबाहेर दिसता कामा नये. मुली चालवणार असतील तर सांगाड्याची वरची नळी खाली उतरती असलेली पाहून घ्यावी, पंजाबीत चढ-उतर सोपे जाते. मडगार्ड, कॅरिअर, घंटी, मागे लाल दिवा हे रेंजरला मुळात नसते, ते लावून घ्यावे. पुण्याच्या पावसात मडगार्डशिवाय जाणाऱ्याच्या पाठीवर चिखलाची रेघ उमटते आणि वर्गात हसू होते.

हसण्यावरून आठवले. सगळे जमत आले तेव्हा आमचा फिटर अचानक गप्प झाला. विचारले तर म्हणाला, "काका, मित्र म्हणतील, गिअरसुद्धा नाही." वयच तसे आहे. काका काही बोलले नाहीत. मी त्याला या सायकलीचा मूळ इतिहास सांगितला, तो वाचकांनाही सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात, सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे, तिथे माउंट तमाल्पाईस नावाचा डोंगर. १९७० च्या दशकात तिथली तरुण पोरे १९३० आणि ४० च्या सालातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली कवडीमोलाने विकत घेत, मडगार्ड वगैरे उतरवून टाकत आणि डोंगरावरच्या मातीच्या रस्त्याने खाली सोडत. त्या सायकलींना मुळात एकच गिअर. ब्रेक मागच्या हबच्या आत, पायडल उलटे दाबले की लागणारा. उतार इतका की हब तापून आतले ग्रीस जळायचे, धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागायचे. इंग्रजीत पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात, म्हणून त्या भागातल्या एका रस्त्याचेच नाव रिपॅक पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. गॅरी फिशर वगैरे मंडळींनी गिअर बसवले, १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी सांगाडा बनवला, आणि जगभर पसरलेली माउंटन बाईक त्यातून आली. म्हणजे आज शोरूममध्ये काचेआड उभी असलेली ही सायकल जन्मली ती भंगारातल्या एकगिअरी सायकलीतून. आणि ज्या शिमानो कंपनीचे नाव गिअरवर वाचून मुले हुरळतात, ती १९२१ मध्ये जपानच्या साकाई शहरात निघाली तेव्हा तिचा पहिला माल म्हणजे एकेरी फ्रीव्हील.

मुलाला हे कितपत पटले कोण जाणे. पण पहिल्या आठवड्यात आय.टी.आय.च्या फाटकाशी दोघा जणांच्या गिअरच्या चेनी त्याने चढवून दिल्या, तेव्हापासून तो विषय त्याने काढलेला नाही.

हिशेबाबद्दल थोडेसे. सामान सुटे घेतले तरी बिल मागावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर जुना दर लावला असेल तर दाखवून द्यावा. सगळे एकदम घेणे जमत नसेल तर पहिल्या महिन्यात ब्रेक, चेन आणि फ्रीव्हील, पुढच्या महिन्यात टायर, असे करता येते. रंग सर्वांत शेवटी, आणि नाही दिला तरी चालते. पहिले पंधरा दिवस झाले की सायकल पुन्हा मिस्त्रीकडे न्यावी. नव्या तारा आणि नव्या केबल थोड्या ताणतात, त्या आवळून घ्याव्यात, चेन परत मागे ओढावी. त्यानंतर आठवड्याला चेन कोरड्या फडक्याने पुसायची, प्रत्येक सांध्यावर एक-एक थेंब तेल सोडायचे, जास्तीचे पुसून टाकायचे. खोबरेल नको, ते थंडीत थिजते.

आता कागद. हे मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण कातरून घरात ठेवायला सोपे जावे. आपली ताई सायकल घेऊन सोसायटीच्या फाटकातून निघते तेव्हा वॉचमन तिला अडवतो आणि चार माणसांदेखत खुलासा द्यावा लागतो. वस्तीतल्या मुलाच्या हाताखाली बरी सायकल दिसली की रस्त्यातही कोणीतरी विचारते, कुठून आणली? त्याला उत्तर तोंडी देऊ नये, कागदाने द्यावे. सायकल देणाऱ्यांकडून तिथल्या तिथे चिठ्ठी घ्यावी. सज्जन माणूस त्याला नाही म्हणत नाही. सायकल उलटी केली की पायडलच्या धुरीच्या नळीखाली बहुधा क्रमांक कोरलेला असतो, धूळ पुसून तो उतरवून घ्यावा. चिठ्ठीच्या दोन प्रती कराव्यात, एक वॉचमनच्या वहीत, एक आपल्याकडे, आणि मुलाच्या फोनमध्ये तिचा फोटो. मजकूर असा:

"दिनांक ........ माझ्या मालकीची ........ कंपनीची, ........ रंगाची सायकल, फ्रेम क्रमांक ........, मी श्रीमती ........ यांना आज कायमची दिली आहे / रुपये ........ घेऊन विकली आहे. ती सोसायटीबाहेर नेण्यास माझी हरकत नाही. सही, पूर्ण नाव, सदनिका क्रमांक, फोन क्रमांक."